न जन्मलेला जामीनदार

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, ही आपल्याकडची जुनी रीत. अलीकडे पुष्कळ घरांनी ती सोडली, हे चांगलेच झाले. पण त्या रीतीच्या मुळाशी असलेला एक समज अजून टिकून आहे. मुलगा म्हणून जन्माला आला की पुरुषत्व आपोआप पदरात पडले. ते कमवावे लागत नाही आणि त्याला धोकाही नसतो, असे आपण धरून चालतो. शरीरशास्त्र मात्र याच्या अगदी उलट सांगते.

आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४७ साली सशाच्या गर्भांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पोटातल्या गर्भाची लिंगग्रंथी काढून टाकली, तर तो गर्भ मुळात नर असला तरी मादीच्या घडणीने वाढतो, असे त्याला आढळले. म्हणजे नर होण्यासाठी वृषणातून येणाऱ्या रसांचा हुकूम सुटावा लागतो. मानवी गर्भातही आठव्या आठवड्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार होऊ लागते, आणि पुढचे पाचसहा आठवडे ही घडण सर्वांत नाजूक असते. पुष्कळदा घरातल्या मोठ्या माणसांना अजून गोड बातमीही कळलेली नसते, अशा वेळी हे सारे चाललेले असते. हुकूम वेळेवर आणि पुरेशा जोराने सुटला नाही, तर ती वेळ पुन्हा येत नाही.

हा हुकूम क्षीण करू शकणारे एक द्रव्य आपल्या घराघरात आहे, आणि त्याच्याशी माझी ओळख कादंबरीकार म्हणून नव्हे, बँकेतला अधिकारी म्हणून झाली. लघुउद्योगांच्या कर्जांचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्यांत पीव्हीसीच्या चपला, पाण्याचे मऊ पाइप, जेवणाच्या टेबलावरची पारदर्शक आच्छादने बनवणारे कारखानदार असत. दर महिन्याला त्यांचे स्टॉक स्टेटमेंट येई. त्यात लिहिलेले असे : पीव्हीसी रेझिन अमुक टन, डीओपी अमुक ड्रम. गोदामाच्या तपासणीला गेले की ते ड्रम मोजायचे, किंमत धरायची, मार्जिन वजा करून ड्रॉइंग पॉवर काढायची. ड्रममध्ये काय आहे, हे विचारणारा रकाना त्या कागदात नव्हता.

डीओपी हे बाजारातले नाव. शास्त्रज्ञ त्यालाच डीईएचपी म्हणतात. थॅलेट नावाच्या रसायनांच्या कुळातले हे सर्वांत परिचित अपत्य. पीव्हीसी मुळात कडक असते; भिंतीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप आठवा. त्याचा मऊ रेनकोट करायचा तर त्यात हे प्लास्टिसायझर मिसळावे लागते, आणि तेही चिमूटभर नाही. मऊ वस्तूच्या वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून बराच जास्त भाग या द्रव्याचा असू शकतो. शिवाय ते प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडले जात नाही. कणकेत तेल मळावे तसे ते नुसते मुरलेले असते, म्हणून हळूहळू बाहेर पडत राहते. उष्णता मिळाली की अधिक, तेलातुपाचा स्पर्श झाला की त्याहून अधिक. टेबलावरचे जुने आच्छादन काही वर्षांनी ताठर होऊन चिरते, कारण त्यातला मऊपणा निघून गेलेला असतो. तो गेला कुठे? घरातल्या धुळीत, हवेत, बोटांवर आणि थोडाफार अन्नात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाण्याच्या बाटलीवर पीईटी लिहिलेले असते आणि त्या प्लास्टिकच्या लांबलचक नावातही ‘थॅलेट’ हे अक्षर येते. पण ते द्रव्य वेगळे. त्याला मऊ करण्यासाठी हे प्लास्टिसायझर घालावे लागत नाही. सगळे प्लास्टिक एकाच मापाने मोजले, तर खरा गुन्हेगार गर्दीत निसटतो.

आता पुराव्याकडे वळू. गाभण उंदरिणींना नेमक्या दिवसांत काही थॅलेट दिली, तर नर पिल्लांच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन कमी तयार होते. वृषण खाली न उतरणे, मूत्रमार्गाचे छिद्र जागेवर नसणे, पुढे शुक्रजंतू कमी असणे असे दोष त्यांच्यात दिसतात. हे अनेक प्रयोगशाळांनी पुनःपुन्हा पाहिले आहे आणि या दोषसमूहाला ‘थॅलेट सिंड्रोम’ असे नावही मिळाले आहे. माणसांत असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. तेव्हा अमेरिकेतील संशोधिका शॅना स्वान यांनी दुसरी वाट धरली. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधले अंतर मुलींपेक्षा मुलग्यांत बरेच जास्त असते, आणि गर्भात पुरुषी संप्रेरक किती पोचले याची ती जणू नोंदच असते. २००५ साली त्यांच्या गटाने दाखवले की, ज्या मातांच्या लघवीत गरोदरपणी थॅलेटचे अंश जास्त होते, त्यांच्या मुलग्यांत हे अंतर तुलनेने कमी होते. अभ्यास लहान होता, शंका घेतल्या गेल्या. २०१५ साली अधिक मोठ्या अभ्यासात, पहिल्या तिमाहीतील नमुने घेऊन, डीईएचपीबाबत तोच कल पुन्हा आढळला.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अंतर कमी असलेली ही मुले आजारी नव्हती. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि मानवी गर्भाच्या वृषण-उतींवरील काही प्रयोगांत टेस्टोस्टेरॉन उंदरांसारखे घटलेले दिसले नाही. पुरुषांतील शुक्रजंतूंची संख्या घटते आहे, असे १९९२ साली डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी म्हटले. २०१७ आणि २०२२ सालच्या मोठ्या आढाव्यांचा निष्कर्षही तोच होता. पण मोजणीच्या पद्धतीवरून तज्ज्ञांत अजून वाद आहे, आणि घट खरी असली तरी तिचे सारे खापर एका थॅलेटवर फोडता येणार नाही. लठ्ठपणा आहे, तंबाखू आहे, इतर रसायने आहेत.

मग शंका असताना काय करायचे? बँकेत याचे उत्तर ठरलेले असे. कर्ज मागणाऱ्याने आपली पत सिद्ध करायची. ‘मी कर्ज बुडवीन हे तुम्ही सिद्ध करा’ असे म्हणणाऱ्याला कोणताही मॅनेजर खुर्ची देणार नाही. रसायनांच्या बाबतीत मात्र जगाने अनेक दशके नेमका असाच व्यवहार केला. माल आधी बाजारात, तपास नंतर. आणि काही बिघडलेच तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याचे बिघडले त्याची. या कर्जाला जामीनदार म्हणून उभा केला तो अजून जन्मालाही न आलेला जीव. त्याची सही कोणी घेतली नाही, घेताही आली नसती.

बरे, एक नाव काळ्या यादीत गेले की शेजारचे पुढे येते. डीईएचपीवर बोट रोखले गेले तसा डीआयएनपी या भावंडाचा वापर वाढला. २०१५ साली स्वीडनमधील अभ्यासात मुलग्यांतील तोच परिणाम या डीआयएनपीशी जोडलेला आढळला. थकबाकीदाराने भावाच्या नावाने नवा अर्ज करावा, असा हा प्रकार.

कायदा हलला तर फरक पडतो. २००० साली जपानमध्ये दुकानांत मिळणाऱ्या तयार जेवणाच्या डब्यांत डीईएचपी सापडले. शोध घेता ते अन्न हाताळणाऱ्यांच्या पीव्हीसी हातमोज्यांतून आल्याचे निघाले. मोजे स्वच्छतेसाठी घातलेले, त्यांवर अल्कोहोल फवारलेले, आणि त्यानेच द्रव्य सुटत होते. सरकारने अशा मोज्यांचा अन्नासाठी वापर थांबवला. युरोपने १९९९ साली तान्ह्यांच्या तोंडात जाणाऱ्या मऊ खेळण्यांवर तातडीची बंदी घातली, आणि २००७ पासून तिथे रसायनाची माहिती दिल्याशिवाय बाजार नाही, हे तत्त्वच कायद्यात आले. आपल्याकडे २०२१ पासून खेळण्यांवर मानक चिन्ह सक्तीचे झाले आणि त्या मानकांत थॅलेटची मर्यादाही आहे. पाऊल योग्य पडले. पण रेनकोट हे खेळणे नाही, टेबलावरचे आच्छादन खेळणे नाही, आणि बाळ चावते ते आईच्या पर्सचे टोकही खेळणे नाही.

घरात करण्यासारखे थोडे आहे आणि ते सोपे आहे. ही द्रव्ये शरीरात साठून राहत नाहीत. एकदोन दिवसांत बरीचशी बाहेर पडतात. अमेरिकेत २०११ साली पाच कुटुंबांना तीन दिवस ताजे, प्लास्टिकचा स्पर्श टाळलेले अन्न दिले, तेव्हा त्यांच्या लघवीतील डीईएचपीचे अंश निम्म्याहून कमी झाले. आपल्याकडचा स्टीलचा डबा, काचेची बरणी, लोणच्याची चिनी मातीची बरणी या बाबतीत कोणाला हार जाणार नाही. गरम भाजी मऊ प्लास्टिकमध्ये बांधून घेऊ नये, तेलकट पदार्थ तर नाहीच. मात्र इस्पितळातल्या रक्ताच्या पिशव्यांत आणि नळ्यांतही हेच द्रव्य असू शकते, म्हणून कोणी उपचार नाकारू नयेत. तिथे प्राण वाचवणे आधी. पर्यायी नळ्या शोधणे हे उत्पादकांचे आणि इस्पितळांचे काम.

सर्वांत मोठी भीती मला वेगळीच वाटते. हे सारे वाचून उद्या एखादी सासू गरोदर सुनेच्या पर्सपासून नखांच्या रंगापर्यंत सगळे तपासायला बसेल. मूल होत नाही म्हटले की बाईला बोल लावायचा, ही आपली जुनी खोड. त्यात मुलाच्या अंगात दोष निघाला तर ‘तूच काहीतरी खाल्ले असशील’ हे नवे वाक्य भर घालील. त्या बिचारीने वस्तू विकत घेतली तेव्हा तिच्यावर काय लिहिले होते? बहुतेक वेळा काहीच नाही. जे छापलेलेच नाही ते वाचले नाही, म्हणून तिला दोषी धरता येणार नाही.

आत काय आहे हे वस्तूवर छापा, आणि ते निर्धोक आहे हे विकणाऱ्याने आधी दाखवावे. मागणी इतकीच आहे. पाचदहा हजारांच्या कर्जासाठी आम्ही गरीब माणसाकडून कागदांची चळत मागत होतो. पुढच्या पिढीच्या शरीरात शिरणाऱ्या द्रव्याकडून निदान तेवढे कागद मागायला काय हरकत आहे?