फलक लावून भूक शमत नाही

जून २०२५मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व मंत्रालयांना पत्र धाडले: उपाहारगृहांत आणि कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावा, खाद्यपदार्थांत तेल किती आणि साखर किती ते लोकांना दिसू द्या. सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला मे महिन्यातच सांगितले होते, जुलैत त्यात तेलाच्या फलकांची भर पडली. मग समोशावर इशारा छापणार की काय, यावर वर्तमानपत्रांत गदारोळ झाला आणि फेरीवाल्यांच्या मालावर कसलाही शिक्का येणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. फलकांना आमचा विरोध नाही. ग्वाल्हेरच्या बाड्यावर सकाळी कचोरी खाणाऱ्या दहांपैकी दोघांनी जरी फलक वाचून दुसरी कचोरी टाळली तरी फायदाच आहे. पण फलक लागला की लठ्ठपणाचे काम उरकले, असे मानून फाइल बंद होऊ लागली आहे, आणि आपल्या डॉक्टरांतलेही काहीजण तसेच मानतात.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका बालरोगतज्ज्ञ वाचकांचे पत्र समोर आहे. त्यांच्याकडे आलेला मुलगा नऊ वर्षांचा, वजन बासष्ट किलो, उंची वयाच्या मानाने बरीच जास्त. भूक पहिल्या वाढदिवसाच्या आधीपासूनची. रात्री उठून डबे धुंडाळतो म्हणून आई फडताळाला कुलूप लावते. शाळेत फलक लागला त्या दिवशी बाईंनी समजावून सांगताना त्यालाच पुढे उभे केले. तेव्हापासून तो शाळेत डबा उघडत नाही. घरी आला की दप्तर पाठीवर तसेच ठेवून, ओट्याशी उभ्या उभ्या, हाताला लागेल ते खातो.

मेलॅनोकॉर्टिन-४ ग्राहकाच्या दोषाची शंका यावी असे हे चित्र आहे. या ग्राहकाच्या जनुकातला दोष १९९८ पासून ठाऊक आहे. हायपोथॅलॅमसला ‘पुरे’ हा निरोप नीट पोचत नाही. केंब्रिजच्या गटाने २०१६ साली केलेला प्रयोग फलकवाल्यांनी मुद्दाम वाचावा. त्यांनी चिकन कोर्म्याचे तीन प्रकार मांडले. दिसायला आणि चवीला सारखेच, फक्त स्निग्धांश कमी, मध्यम आणि जास्त. या जनुकात दोष असलेल्यांनी सर्वांत तेलकट कोर्मा सडपातळ लोकांच्या जवळजवळ दुप्पट खाल्ला. गोड पदार्थात मात्र उलटे झाले: जास्त साखरेचा प्रकार त्यांना इतरांपेक्षा कमी आवडला आणि त्यांनी तो कमी खाल्ला. म्हणजे जिभेला न कळणारा स्निग्धांश मेंदू टिपत होता. तेल आणि साखर एकाच फळीवर लिहून या मुलाला काय सांगणार?

लेप्टिन या तृप्तीच्या संप्रेरकाची गोष्ट जुनी, पण तिचा मेंदूकडचा भाग ओपीडीत कुणी बोलत नाही. लेप्टिन जन्मतःच नसलेल्या दोन किशोरवयीनांना अन्नाची चित्रे दाखवून २००७ साली मेंदूचे स्कॅन झाले. उपचारापूर्वी पोटभर जेवल्यावरही त्यांच्या मेंदूतले ओढ निर्माण करणारे भाग उपाशी माणसासारखे पेटत. सात दिवस लेप्टिन दिल्यावर ते फक्त उपाशीपोटी पेटू लागले. एफटीओ जनुकाच्या जोखमीच्या दोन्ही प्रती असलेल्या, वजन अगदी योग्य असलेल्या पुरुषांतही जेवणानंतर घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक हवे तितके उतरत नाही, हे २०१३ साली दिसले. यातल्या कुणाला ‘तोंडाला आवर घाला’ म्हणणे हा उपचार नव्हे.

आता विम्याकडे वळू, कारण या महिन्याच्या टपालात सर्वाधिक तक्रारी त्याच आहेत. विमा नियामकाने २०१९ साली प्रमाणित अपवादांची यादी दिली, तिच्यात सहावा क्रमांक लठ्ठपणाचा. शस्त्रक्रियेचा खर्च मिळायचा तर वय अठरा पूर्ण हवे आणि बीएमआय चाळीस हवा, किंवा गंभीर सहव्याधींसह पस्तीस. आपण भारतीयांसाठी २५ला लठ्ठपणा म्हणतो, आणि २०२२च्या आंतरराष्ट्रीय शस्त्रक्रिया-मार्गदर्शनाने आशियाई रुग्णांसाठी उंबरठा २७.५वर आणला. पॉलिसी मात्र अजून चाळीसावर अडून बसली आहे. त्याहून मोठी विसंगती पुढे आहे. त्याच २०१९च्या नियमांत आनुवंशिक आजार अपवादांत घालायला बंदी आहे. मग जनुकीय लठ्ठपणाच्या मुलाला कोणते कलम लावायचे? वरच्या मुलाच्या बाबतीत विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएने तपासणीसाठी दाखल केल्याचा क्लेम ‘वजन-नियंत्रण’ असा एका ओळीचा शेरा मारून परत पाठवला. अपवादाच्या मजकुरात शस्त्रक्रियेचाच उल्लेख आहे. टेबलावरच्या कारकुनाने मथळा वाचला आणि नकार दिला. पालकांनी तीन अर्ज केले, तिन्हींना तेच उत्तर आले.

यात आपलाही वाटा आहे. डिस्चार्ज कार्डावर आपण सवयीने ‘ओबेसिटी’ लिहितो आणि सही करतो. जनुकाचा अहवाल हाती असेल तर निदानाच्या पहिल्या ओळीत त्या विकाराचे नाव यायला हवे, लठ्ठपणा त्याखाली. पाच वर्षांच्या आत सुरू झालेली अनावर भूक, वाढीचा तक्ता, आईबापांचे आपसातले रक्ताचे नाते, हे केसपेपरवर असायलाच हवे. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्या समाजात आहे, हे विचारायला संकोच कसला? लेप्टिनच्या कमतरतेची १९९७ साली नोंदलेली पहिली दोन मुले नात्यात लग्ने होणाऱ्या एकाच घराण्यातली होती. पीओएमसी किंवा लेप्टिन-ग्राहकाच्या दोषावर सेटमेलॅनोटाइड अमेरिकेत २०२०पासून मंजूर आहे. निदानच झाले नाही तर औषध मागायचे कुणासाठी?

त्याच वेळी दुसऱ्या टोकाला जाऊन प्रत्येक स्थूल रुग्णाला ‘डीएनए डाएट’चे किट विकणाऱ्या सभासदांनी ते थांबवावे. एफटीओच्या दोन प्रतींनी सरासरी वजन तीनेक किलोंनी वाढते. आहार-व्यायामाने वजन कमी होण्यात त्या प्रतींमुळे फरक पडत नाही, हे हजारो लोकांच्या एकत्रित अभ्यासातून २०१६ साली स्पष्ट झाले आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००९ साली दाखवले की आपल्याकडे एफटीओचा मधुमेहाशी असलेला संबंध बीएमआय हिशोबात धरूनही पुरता पुसला जात नाही. तेव्हा किटचे पैसे साखर तपासणीवर आणि कंबरेच्या मापावर खर्च करा.

ग्वाल्हेरकरांना वेगळे सांगायचे आहे. गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आणि जयारोग्य रुग्णालय तुमच्याकडे आहे. जिवाजी विद्यापीठात मानवी जनुकशास्त्राचा आणि मज्जाविज्ञानाचा विभाग आहे. लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था त्याच शहरात आहे. इतकी सामग्री एकत्र फार थोड्या गावांत सापडते. आठवड्यातला एक दिवस ठरवून बालवयातील लठ्ठपणाची एकत्र ओपीडी सुरू करा. त्यासाठी दिल्लीच्या पत्राची वाट पाहू नका. आणि वरच्या मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कुणीतरी सभासदाने जाऊन भेटा; मुलाला फलकापुढे उभे करणे या आठवड्यातच बंद झाले पाहिजे.

नकार आलेले क्लेम, टीपीएच्या पत्रासह, रुग्णाचे नाव-पत्ता खोडून महिनाअखेरपर्यंत संपादकीय कार्यालयात पाठवा. जनुकाचा अहवाल असेल तर त्याची प्रत जोडा. ही पत्रे एकत्र करून आम्ही विमा नियामकाकडे लेखी तक्रार दाखल करणार आहोत. अठरा वर्षांखालच्या रुग्णांची प्रकरणे आधी पाठवा.