योग मोठा, पण पाहिला कोणी?

१९६२ सालच्या फेब्रुवारीत जग बुडणार होते. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ जण मकर राशीत गोळा झाले होते आणि ३ ते ५ फेब्रुवारी हे दिवस काही धड जायचे नाहीत, अशी देशभर बोलवा होती. ठिकठिकाणी होमकुंडे पेटली, शांतिपाठ झाले, तूप जळले. पंतप्रधान नेहरूंनी या साऱ्याची टिंगल केली. पाच तारीख गेली, सहा उजाडली आणि त्याच महिन्यात सार्वत्रिक निवडणुकीचे मतदानही सुरू झाले. ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले तेव्हा ‘बघा, अष्टग्रही भोवलीच’ म्हणायला लोक मोकळे होतेच. आठ महिने उशिरा आलेले फळही हिशेबात धरायचे म्हटले, तर कोणता ग्रहयोग चुकेल?

त्यातली खरी गंमत वेगळीच आहे. केतू हा ग्रहच नव्हे. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या दोन बिंदूंपैकी तो एक. चंद्र अमावास्येचा. उरलेले पाचही ग्रह सूर्याच्या आगेमागे पंधरा-सोळा अंशांत, म्हणजे त्याच्या तेजात बुडालेले. ज्या योगाला भिऊन देशाने एवढे तूप जाळले, त्यातले डोळ्यांनी दिसण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते.

२१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ याच्या अगदी उलट. सूर्य मावळल्यावर नैर्ऋत्येला गुरू आणि शनी एकमेकांना जवळजवळ चिकटले होते. दोघांमधले अंतर अंशाचा दहावा भाग, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढे. एवढी जवळीक त्याआधी १६२३ साली झाली होती, पण तेव्हा जोडी सूर्याच्या फार जवळ होती. सहज दिसेल अशी जवळीक शोधायला १२२६ पर्यंत मागे जावे लागते. प्रत्यक्षात त्या संध्याकाळीही शनी गुरूच्या पलीकडे सुमारे ७३ कोटी किलोमीटरवर होता. हे माहीत असूनही, करोनाने दारे लावून घेतलेल्या त्या वर्षात गच्चीवर जाऊन ती जोडी ज्यांनी पाहिली, त्यांना काहीतरी लाभले. त्याला अध्यात्म म्हणायला हरकत नसावी.

ग्रहांच्या अर्थाबद्दलचे नेहमीचे भांडण श्रद्धावंत आणि विज्ञानवादी यांच्यात लावले जाते. फलज्योतिषाचा निकाल तर पुण्यात लागून गेला आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांचे निदान पाठवले. बरोबर आलेली उत्तरे ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवले असते तरी इतपत साधले असते. ते प्रकरण तिथेच ठेवावे. जास्त बोचणारी गोष्ट ही, की ग्रहांना अर्थ देणाऱ्यांनी आकाशाकडे पाहणेच सोडले आहे.

पूर्वी तसे नव्हते. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत असत. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले आणि पुढे काही शतके महाराष्ट्रातली पंचांगे त्यावर चालली. काळ लोटला तशी गणितात चूक साचत गेली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे आणि वेंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्यांनी आग्रह धरला, की पंचांगातला ग्रह आकाशात त्या जागी दिसला पाहिजे. लोकमान्य टिळकही त्यांच्याच बाजूचे. यावर मोठा वाद झाला, कारण तिथी हलली की एकादशी हलते आणि श्राद्धही हलते. धर्मासाठीच गणित सुधारा, असे म्हणणारी ही माणसे नास्तिक नव्हती.

आता घरातले व्रत घ्या. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सुटतो, म्हणून दिनदर्शिकेत शहरागणिक वेळा छापलेल्या असतात. नागपुरात चंद्र मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. लंडनमधल्या मराठी घराने मुंबईची वेळ धरून जेवण उरकले तर तिथला चंद्र क्षितिजाखालीही असू शकतो; तिथे उन्हाळ्यात वाट पाहता पाहता मध्यरात्र व्हायची. ठाण्या-डोंबिवलीच्या गॅलरीत आणखी एक अडचण. छापील वेळ होऊन गेलेली असते, पण चंद्र समोरच्या टॉवरच्या आड असतो. नैवेद्याचे ताट झाकून ठेवलेले, मोदक गार होत आलेले. मुलगा मोबाइल दाखवून म्हणतो, ‘आई, उगवलाय, बस आता.’ आई म्हणते, ‘तुझ्या फोनात उगवलाय.’ आणि ती गच्चीचा जिना चढू लागते. तिच्या त्या हट्टात केशव दैवज्ञांचा थोडा तरी वारसा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. (श्रावणातल्या संकष्टीला ढग असतात, तेव्हा छापील वेळेवर भागवावे लागते, ते वेगळे.)

कोळीवाड्यात चंद्राचा अर्थ याहून रोकडा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. जाळे कधी टाकायचे ते त्यावर ठरते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणाऱ्याला हा हिशेब ठाऊक असतो आणि त्यामुळे त्याची भक्ती कमी होत नाही. समुद्र खेचण्यात चंद्राखालोखाल सूर्य येतो. शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या भागालाही पोचत नाही. सगळे ग्रह एका ओळीत आले, तरी ससून डॉकवरच्या बोटीला त्याचा पत्ता लागायचा नाही.

आकडे मात्र भाविकांच्या डोळ्यांवर सहज पट्टी बांधतात. २०२५ चा प्रयागराजचा कुंभ १४४ वर्षांनी येणारा म्हणून गाजला. बारा गुणिले बारा, एकशे चव्वेचाळीस. पण गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा नव्हे, ११.८६ वर्षे लागतात. त्यामुळे १४४ वर्षांनी तो मूळ जागी नसतो. सुमारे पन्नास अंश, म्हणजे दीड राशीहून पुढे गेलेला असतो. ही कसर काढण्यासाठीच हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकराव्या वर्षी, २०२१ ला झाला. परंपरेने गुरूची चाल पाळली. १४४ ची जाहिरात करणाऱ्यांना तिची गरज वाटली नाही.

सिंहस्थाचे तर आणखी नवल. गुरू सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ, तो कन्येत गेला की नृसिंहवाडीचा कन्यागत. सिंहस्थाच्या मुख्य पर्वणीला सूर्य, चंद्र आणि गुरू तिघेही सिंहेत हवेत. सूर्य-चंद्र एका राशीत म्हणजे अमावास्या, आणि गुरू सूर्याजवळ म्हणजे त्याचा अस्त. लाखो लोक ज्या योगासाठी रामकुंडावर आणि कुशावर्तावर लोटतात, त्यातला चंद्रही दिसत नाही आणि गुरूही. वरून भर पावसाळा. तिथे निव्वळ पंचांगकर्त्याच्या गणितावर विश्वास असतो आणि तो विश्वास वाया गेलेला नाही.

पण तोच गुरू आधीचे कित्येक महिने ठळक दिसतो. पुढच्या सिंहस्थासाठी २०२६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तो मध्यरात्रीनंतर मघा नक्षत्राच्या तेजस्वी ताऱ्याजवळ असेल आणि २०२७ च्या फेब्रुवारीत रात्रभर आकाशात राहील. साध्या दुर्बिणीतून त्याचे चार चंद्रही दिसतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून लोकांना आकाश दाखवत आले आहे. सिंहस्थाच्या तयारीत घाट, रस्ते आणि तंबू यांवर कोट्यवधी खर्च होतात. त्यातल्या चिमूटभर पैशांत गोदाकाठी दहा-वीस दुर्बिणी मांडता येतील आणि ज्याच्या नावाने हा मेळा भरतो, तो गुरू यात्रेकरूंना रांगेने दाखवता येईल. आखाड्यांनी आणि महापालिकेने मिळून हे करायला काय हरकत आहे?