शिरगणतीत हरवलेला जिल्हा

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. शासन जनतेच्या दारी जावे, हा त्यामागील हेतू. तो कितपत सिद्धीस गेला?

14,412 चौरस किलोमीटरचा हा जिल्हा गोवा राज्याच्या जवळजवळ चौपट आहे. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या मात्र अवघी 10,72,942 भरली. महाराष्ट्रात चौरस किलोमीटरमागे सरासरी 365 माणसे, येथे 74. दहापैकी जवळपास नऊजण खेड्यांत राहणारे, आणि सुमारे 39 टक्के वनवासी बांधव.

या विरळ वस्तीला शासनाने कोणता गज लावला? डोकी मोजण्याचा! डोंगराळ व वनवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. सपाटीवरील 30,000 च्या निकषापेक्षा तो उदार वाटतो. परंतु गडचिरोलीच्या सरासरीने 20,000 माणसे शोधायची तर 270 चौरस किलोमीटरचे रान पालथे घालावे लागते. भामरागड, एटापल्लीकडे वस्ती याहूनही विरळ. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. दक्षिण टोकावरील सिरोंच्याच्या माणसाला जिल्हा कचेरी गाठण्यास दोनशे किलोमीटरच्या घरात प्रवास करावा लागतो. कागदावर निकष पूर्ण होतो. खाटेवरून नेली जाणारी बाळंतीण मात्र वाटेतच राहते.

‘माणसे थोडी, खर्च फार’ हा युक्तिवाद शहाणपणाचा भासतो. त्याची किंमत मात्र राष्ट्राने रक्ताने चुकविली आहे. जेथे तलाठी, शिक्षक आणि डॉक्टर पोहोचले नाहीत, तेथे बंदूकधारी पोहोचले. गरिबांचे कैवारी म्हणविणाऱ्या या मंडळींनी रस्ता बांधणारी यंत्रे जाळली. 1 मे 2019 रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात 15 पोलीस हुतात्मा झाले. शहरांतील दिवाणखान्यांत बसून या हिंसेला ‘वंचितांचा आक्रोश’ ठरविणाऱ्या विचारवंतांनी एवढेच सांगावे : रुग्णालयाकडे जाणारा रस्ता उखडल्याने कोणत्या वंचिताचे भले झाले?

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. हे जवानांच्या पराक्रमाचे फळ होय. पण रिकामी झालेली जागा रिकामी राहत नसते. तेथे शासनाने पाय रोवला नाही, तर उद्या दुसरे कोणी रोवील.

उपाय अनाकलनीय नाहीत. दवाखाना, शाळा आणि कचेरी यांचा निकष लोकसंख्येऐवजी अंतरावर ठरावा. दुर्गम भागातील नेमणूक ही शिक्षा न मानता सेवेचा मान समजली जावी. अहेरीच्या स्वतंत्र जिल्ह्याची जुनी मागणी निकाली काढावी. ग्रामसभेवर विश्वास टाकावा. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या मेंढा-लेखाने ती काय करू शकते हे दाखविले आहे. आणि हेमलकशाला 1973 पासून चाललेली सेवा मूठभर माणसांना साधते, तर अफाट यंत्रणेच्या शासनाला का साधू नये?

2021 ची जनगणना लांबली; नव्या गणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भदिन ठरला. त्या गणनेतही गडचिरोलीची डोकी थोडीच भरतील. म्हणून तेथील एकेका माणसाचे मोल थोडे ठरत नाही. सीमेवरचा, अरण्यातला शेवटचा माणूस हा राष्ट्रपुरुषाचाच अवयव आहे. अवयव बधिर झाला तर देह निरोगी म्हणता येत नाही, याचे भान मंत्रालयाने आणि समाजानेही ठेवावे!