वाघ किती चालतो, हो?

डिसेंबर २०२४ मध्ये बार्शी तालुक्यात वाघ आल्याची बातमी सोलापुरात पोहोचली, तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "बार्शीहून इथं यायला त्याला किती वेळ लागेल हो?" सूर असा, की सकाळच्या एस.टी.नं निघाला तर दुपारच्या भाकरीला हजर! आम्ही म्हटलं, "काकू, अंतर सत्तर किलोमीटर. मनात आणलं तर तीन-चार रात्री." त्या रात्री काकूंनी पुढच्या दाराला कुलूप, मागच्या दाराला अडसर, आणि दोन्हींच्या मधोमध काकांची खाट अशी व्यवस्था केली.

काकूंना आम्ही हसलो खरे. पण तो वाघ आला होता कुठून, ते कळल्यावर हसू जरा आवरलं. वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात कॅमेऱ्यानं त्याचं छायाचित्र टिपलं, अंगावरचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, आणि पठ्ठ्या जवळजवळ पाचशे किलोमीटर चालून आल्याचं उघड झालं. (वाघाचे पट्टे म्हणजे आपल्या अंगठ्याचा ठसा, दोघांचे सारखे नसतात.) टिपेश्वरच्या वाघांना ही खोडच असावी. २०१९ साली तिथलाच एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ-पट्टा घालून निघाला, तेलंगणाचा मुलूख पाहून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वळणंवाकणं धरून त्याची सारी चाल भरली सुमारे तीन हजार किलोमीटर. अमेरिकेत प्यूमा म्हणून एक पहाडी सिंह असतो. नावाचाच सिंह, आयाळ-बियाळ काही नाही. त्यांतला एक दक्षिण डाकोटातल्या डोंगरांतून निघाला, तो २०११ साली पार पूर्व किनाऱ्यावरच्या कनेक्टिकट राज्यात मोटारीखाली सापडून मेला. अंतर अडीच हजार किलोमीटरांच्या घरात!

एवढ्या पायपिटीचं कारण अगदी संसारी आहे. पोर दीड-दोन वर्षांचं झालं की आई त्याला दूर करते आणि थोराड नर आपल्या हद्दीत उभं राहू देत नाही. मग बिऱ्हाड शोधत हिंडायचं. मुंबई-पुण्यात जागा शोधलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको.

म्हणजे लांब चालणारं जनावर हे बहुधा जागा शोधणारं जनावर असतं. माणूस शोधणारं नव्हे. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. हे आजोबा महामार्ग ओलांडून, कसाऱ्याच्या रेल्वेजवळून, वसईची खाडी पोहून, सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास चालत मुंबईच्या वेशीवर पोहोचले. वाटेत माणसाला ओरखडा नाही. २०११ साली एका वाहनाखाली ते गेले. मागाहून त्यांच्यावर मराठी चित्रपटसुद्धा निघाला.

पण बिबट्याची दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे, आणि तिच्यावर कुणी चित्रपट काढू नये. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात एका बिबट्यानं तीन जीव घेतले. आदल्या महिन्यात बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातही बळी गेले होते. करमाळ्याच्या तिघांत ऊसतोडणीला आलेल्या एका कुटुंबातली लहानगी मुलगी होती. १८ डिसेंबरला वांगीच्या परिसरात तो गोळीनं मेला, आणि तालुक्यानं सुटकेचा श्वास टाकला.

हा जिल्हा मूळचा ज्वारीचा. उजनीचं पाणी आलं नि ऊस उभा राहिला. बिबट्याच्या लेखी ऊस म्हणजे जंगलच: दाट आडोसा, पाटाचं पाणी, वस्तीवर कुत्री नि शेळ्या. मादी पिलंसुद्धा उसातच घालते. दिवाळी सरली की कोयता लागतो, आणि एकेक फड सपाट होत जातो. नेमक्या त्याच वेळी बीडकडची कुटुंबं येऊन फडाच्या कडेला कोप्या घालतात. कोपीला दार नसतं. पहाटेच्या अंधारात आई-बाप वाकून ऊस तोडतात, पोर बांधावर निजलेलं असतं. बिबट्या उभ्या माणसाला वचकतो. पण वाकलेला, बसलेला माणूस किंवा लहान मूल त्याला भक्ष्याच्याच उंचीचं दिसतं.

अशा वेळी शहरातून हमखास मागणी निघते, "पकडा आणि लांब नेऊन सोडा." जुन्नर भागात २००१ पासून हेच करून पाहिलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला: आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, मग झाले सतरा! उपटून दुसरीकडे टाकलेलं जनावर बिथरतं, अनोळखी मुलखात माणसांच्या वाटेवर येतं. उलट त्यांनीच अकोले तालुक्यात पाहणी केली, तेव्हा उसाच्या भरवस्तीत शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे निघाले, आणि माणसांवर हल्ले क्वचितच. तिथल्या आदिवासी वस्त्यांत वसुबारसेलाच वाघबारस म्हणतात आणि वाघोबाला नैवेद्य दाखवतात. नैवेद्यानं बिबट्या सुधारतो असं आमचं म्हणणं नाही. पण तो शेजारी आहे हे ती माणसं गृहीत धरतात, आणि अंधारात एकटं पोर बाहेर पाठवत नाहीत.

परवा फराळाचं ताट घेऊन काकू आल्या, तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या दाराला कुलूप नि अडसर, आणि त्यांच्या कोपीला एक गोणपाट. कारखाना त्यांना साधी फळ्यांची दारं आणि रात्रीचा दिवा नाही का हो देऊ शकणार?"

आम्हांला उत्तर सुचलं नाही. काकांची खाट मात्र त्याच रात्री जागेवर गेली.