षट्क्रियाकाल, दर्शक प्रथिने आणि आपले उत्तरदायित्व

फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण आपल्यासमोर येतो, तेव्हा व्याधी बहुधा पुढच्या अवस्थेस पोहोचलेला असतो. मात्र त्यापूर्वी कित्येक वर्षे तो श्वासनलिकेच्या आतील अस्तरात मूकपणे आकार घेत असतो. या मूक कालाकडे वैद्यवर्गाचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

धूम्रपानाच्या सततच्या आघाताने अस्तरातील पेशींची प्रथम अतिवृद्धी होते, मग त्यांचे स्वरूप पालटते, पुढे रचना विकृत होते आणि अखेरीस त्या आपली सीमा ओलांडून खोल शिरतात. स्क्वॅमस प्रकारच्या कर्करोगाचा हा क्रम होय. या वाटेवर पेशीतील प्रथिने साक्ष देत असतात. पेशीविभाजनावर अंकुश ठेवणारे पी-५३ हे प्रथिन १९७९ मध्ये ज्ञात झाले. निरोगी पेशीत ते अत्यल्प असते. त्याच्या जनुकात बिघाड झाला की सदोष प्रथिन बहुधा साठू लागते. वाढीचा संदेश ग्रहण करणारे ईजीएफआर वाढते, विभाजनाचे दर्शक केआय-६७ अधिकाधिक पेशींत आढळते, तर पी-१६ हे रोधक प्रथिन अनेकदा लोपते.

हे वाचताच सुश्रुताच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायाचे, संचयापासून भेदापर्यंतच्या षट्क्रियाकालाचे, स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु ‘आमच्या ग्रंथांत हे पूर्वीच आहे’ एवढ्यावर समाधान मानणे आम्हांस मान्य नाही. साम्य म्हणजे प्रमाण नव्हे. क्रियाकालाचे मर्म अभिमानात नसून वेळीच कृती करण्यात आहे.

या प्रथिनांच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. त्यांची परीक्षा प्रामुख्याने बायोप्सीच्या तुकड्यावर होते. काही विकृती आपोआप मागे फिरतात. कोणती पुढे जाईल हे कोणतेही एक प्रथिन निश्चयाने सांगू शकत नाही. म्हणून आपल्या हाती उरतात ती दोन जुनीच साधने : निदानपरिवर्जन आणि सावध प्रश्नपरीक्षा.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा कास तीन आठवडे लोटूनही शमत नसेल, थुंकीत रक्त, स्वरभेद वा वजनातील घट असेल, तर आणखी एक अवलेह लिहून देण्यापूर्वी त्यास तज्ज्ञाकडे पाठवावे. क्षयाची तपासणी करावीच. पण क्षयाच्या औषधांनी उतार न पडल्यास तेथेच थांबू नये. एक्स-रे निर्दोष आला म्हणूनही निश्चिंत राहू नये. औषधविक्रेत्या बंधूंनी कासाची तिसरी बाटली मागणाऱ्यास एक प्रश्न अवश्य विचारावा.

‘वनस्पतिज, म्हणून निरुपद्रवी’ या समजुतीसही १९९४ मध्ये धक्का बसला. फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक धूम्रपानी पुरुषांच्या अभ्यासात, गाजरादी भाज्यांत आढळणारे बीटा-कॅरोटीन गोळीरूपाने घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. रसायनांच्या वेष्टनावर कर्करोग-प्रतिबंधाचे दावे छापणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने असे दावे निषिद्धच ठरविले आहेत.

व्याधी मूक असतानाच त्याची चाहूल घेणारा तो वैद्य, असे आम्ही मानतो. ती चाहूल लागूनही रुग्णास आपल्याकडेच रोखून धरणे हा क्रियाकालाचा अतिक्रम होय. आणि त्याचे मोल रुग्णास प्राणांनी चुकवावे लागते.