टीपकागदावरचा न्याय

अमेरिकेच्या जकातीचा न्याय कसा चालतो, ते एकदा नीट पाहून घ्यावे. जाकिटाचे कापड ताणून बसवतात, त्याच्या पाठीशी वजन केलेला टीपकागद लावतात, ६०० मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाने दोन मिनिटे पाण्याचा फवारा मारतात आणि तो कागद पुन्हा काट्यावर ठेवतात. कागदाने ग्रॅमभरापेक्षा जास्त पाणी प्यायले नाही, तर कृत्रिम धाग्याच्या जाकिटावर मूळ जकात ७.१ टक्के. जास्त प्यायले, तर २७.७ टक्के! वीस डॉलरच्या मालावर एकीकडे १ डॉलर ४२ सेंट, दुसरीकडे ५ डॉलर ५४ सेंट. साधे, स्वस्त, पावसात गळणारे जाकीट घेणाऱ्याला मोठा दंड, आणि पाणी न शिरणारे घेणाऱ्याला सवलत!

बरे, नुसते पाणी अडवूनही भागत नाही. ते रबराच्या नाहीतर प्लास्टिकच्या लेपानेच अडले पाहिजे, असा नियमाचा हट्ट. घट्ट विणीच्या सुती कापडाने आपल्या गुणावर पाणी अडवले तरी ते नापास. मग कारखानदार काय करणार? गिऱ्हाइकाला गरज असो वा नसो, अस्तराआड प्लास्टिक फासणार. आणि हे संरक्षण कोणाचे? अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक सगळे कपडे शिवून येतात व्हिएतनाममधून, बांगलादेशातून, आपल्याकडूनही. ज्या गिरण्या उरल्याच नाहीत, त्यांच्या दारावर हा पहारा बसवला आहे!

हा घोळ निस्तरण्याची संधी अमेरिकी काँग्रेसला २०१५ साली होती. मारिया कँटवेल, केली एयॉट या सेनेटरबाई मैदानी खेळांच्या वरकपड्यांवरची जकात शून्यावर आणणारे विधेयक आधीच मांडून बसल्या होत्या. २९ जून २०१५ रोजी ओबामांनी सही केलेल्या व्यापार कायद्यात त्यातले वर्गीकरण तेवढे उतरले, सूट मागेच राहिली. खेळ-सहलीच्या वरकपड्यांना स्वतंत्र कप्पा मिळाला. त्यात शिरायचे तर शिवणी सीलबंद हव्यात आणि यादीतले किमान पाच गुण हवेत : हवा खेळायला झडप, कोपराला बाक, बंद होणारा खिसा, भुसभुशीत बर्फ आत जाऊ नये म्हणून कमरेला झालर, आणि हो, दुर्गंधी मारणारी प्रक्रियासुद्धा! स्की खेळणाऱ्या साहेबाच्या घामाच्या वासाची एवढी चिंता वाहणाऱ्या या कायद्याने कामकऱ्याला मात्र नाव घेऊन बाहेर काढले. कामाच्या जागी थंडीपावसापासून बचाव करणारे कपडे या व्याख्येत धरू नयेत, असे त्यात चक्क लिहून ठेवले आहे. वादळात विजेच्या खांबावर चढणारा, गोदीत भिजत माल उतरवणारा यांच्या अंगावरचा कोट तोच पाऊस झेलतो. पण कायदा विचारतो, तू इथे मजेला आलास की पोटासाठी? पोटासाठी? मग चालता हो!

कोणी म्हणेल, कप्पा वेगळा झाला म्हणून दर कुठे बदलला? आम्हीही तेच विचारतो! दर बदलायचा नव्हता, तर व्याख्यांचे हे भेंडोळे कशाला? उद्या सूट द्यायची वेळ आली की दार कोणासाठी उघडायचे आणि कोणाच्या तोंडावर लावायचे, याचीच ही आगाऊ तजवीज आहे, दुसरे काही नाही.

सुधारणाच करायची तर ती दोन ओळींत होते. कामकऱ्याला वगळणारे वाक्य खोडा आणि २७.७ हा आकडा पुसून टाका. वॉशिंग्टनच्या वकिलांना हा मसुदा लिहायला अर्धा तास पुरे. पण त्या अर्ध्या तासाची फी भरणारा कोणीतरी लागतो, आणि खांबावरच्या माणसाकडे ती नाही.