स्ट्राउडच्या कमानीत मलबार का नाही?

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड नावाचे गाव आहे. तिथे हेन्री वायट या धनिकाने १८३४ साली आपल्या फार्महिल पार्क या इस्टेटीच्या वाटेवर दगडी कमान उभारली. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी रद्द झाली, असे तिच्यावर कोरले आहे. वायटचा वाडा गेला, कमान राहिली.

तारीख खरी आहे. पण वसाहती कोणत्या? ज्या कायद्याचा हा उत्सव, त्याच्याच ६४ व्या कलमाने ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. मलबार कंपनीच्याच ताब्यात होता, आणि तिथे चेरुमा माणूस जमिनीबरोबर विकला जात होता, गहाण पडत होता. देशी लोकांच्या धर्म-रूढीत हात घालायचा नाही, ही तेव्हाची सबब. कोणाचा धर्म? कोणाची रूढी? चेरुमाला कोणी विचारले होते काय?

ज्यांना कायदा लागू झाला त्यांचे तरी काय झाले? सहा वर्षांखालची मुले तेवढी लगेच सुटली. बाकीच्यांना 'उमेदवार' असे गोंडस नाव देऊन १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबवले. भरपाई दोन कोटी पौंड, तीही मालकांना! गुलामांना छदामही नाही. त्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटिश सरकार २०१५ पर्यंत फेडत होते.

आपल्यातलेच काही बांधव म्हणतात, इंग्रजांनी निदान सुरुवात तरी केली. जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलीच ना? केली, १८७३ साली. पण गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या माणसांना केली, कुठल्या पार्लमेंटला नव्हे. डिसेंबर १८३१ मध्ये जमैकातले गुलाम सॅम शार्प यांच्या नेतृत्वाखाली उठले. १८३२ साली शार्पना फाशी दिली गेली, आणि पुढच्याच वर्षी हा कायदा आला. उपकार मानायचेच तर आम्ही शार्पचे मानू.

भारतात १८४३ च्या पाचव्या कायद्याने कोर्टांनी गुलामाची मालकी मानणे बंद केले. गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरायला १८६० चे पिनल कोड यावे लागले. या तारखांची कमान कुठे आहे?

स्ट्राउडची कमान पाडा, असे आम्ही म्हणत नाही. इंग्लंडमधल्या आंबेडकरी संघटनांनी तिथल्या कौन्सिलला अर्ज द्यावा आणि कमानीशेजारी एक फलक मागावा. त्यावर कलम ६४, मलबारचे चेरुमा आणि सॅम शार्प एवढे आले पाहिजे. दगडात कोरायला परवडत नसेल तर पत्र्याचा बोर्डही चालेल.